संगीतमय नाटकाचे पार्श्वपडदे : किती, कोणते आणि कशाच्या आधारावर निवडावेत?

नवा_सूत्रधार (धागाकर्ता)

आमचा हौशी नाट्यसंघ एक नवे दोन अंकी संगीतमय नाटक बसवीत आहे. संहितेत एकूण अकरा प्रवेश आणि सात स्थळे आहेत : बंदराचा धक्का, बाजारपेठ, नायिकेचे घर, त्या घराची गच्ची, शाळेचा वर्ग, जंगल आणि रेल्वेचा फलाट. गाणी सोळा असून त्यांपैकी पाच समूहनृत्याची आहेत. रंगमंचाची दर्शनी चौकट १० मीटर रुंद आणि ५.५ मीटर उंच आहे, तर खोली ८ मीटर आहे. पडदे टांगण्यासाठी पाच बार (आडव्या नळ्या) आहेत, परंतु वर मोकळी जागा कमी असल्यामुळे पूर्ण उंचीचा पडदा सरळ वर ओढून दृष्टीआड करता येत नाही.

भाड्याने मिळणाऱ्या तयार पडद्यांची चित्रे आम्ही पाहिली आहेत आणि प्रत्येक स्थळासाठी एक सुंदर पडदा सहज सापडतो. तरीही सात निरनिराळ्या चित्रकारांनी रंगवलेले सात पडदे एका नाटकात शोभतील का, अशी शंका मनात आहे. निवड नेमकी कोठून सुरू करावी, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

रंगरेषा

आपली शंका रास्त आहे. स्थळांची यादी हातात घेऊन पडदे शोधायला निघाले की प्रत्येक पडदा स्वतंत्रपणे चांगला निघतो आणि प्रयोग मात्र विस्कळीत दिसतो. माझी सूचना अशी की स्थळांची यादी तूर्त बाजूला ठेवावी आणि सोळा गाण्यांची यादी करावी. प्रत्येक गाण्यापुढे तीन गोष्टी लिहाव्यात : गाणे सुरू होताना पात्र कोणत्या मनःस्थितीत आहे, संपताना कोणत्या मनःस्थितीत आहे, आणि त्या वेळी रंगमंचावर किती माणसे आहेत. बोलक्या नाटकात प्रेक्षकाला स्थळ कळणे पुष्कळदा पुरेसे असते. संगीतमय नाटकात पात्र बोलता बोलता गाऊ लागते, तेव्हा ते त्या स्थळाच्या वास्तवातून थोडे वर उचलले जाते, आणि मागचा पडदा त्याला वर जाऊ देतो की खाली खेचून धरतो, हा खरा प्रश्न असतो. वर्गातील फळा, खिडक्या, नकाशा, बाके असे सारे तपशील रंगवलेल्या पडद्यापुढे नायिकेने आपल्या एकटेपणाचे गाणे म्हटले, तर चार मिनिटे प्रेक्षकाचे डोळे त्या नकाशावर फिरत राहतात. तेथे वर्ग सुचवणारी एक उंच खिडकी आणि भोवती मोकळा रंग एवढे असेल, तर तीच जागा गाण्यापूर्वी वर्ग असते आणि गाण्यात तिचे मन होते.

हा विचार नवा नाही. स्वित्झर्लंडचे नेपथ्यकार अडॉल्फ आपिया यांनी १८९९ मध्येच विस्ताराने मांडले होते की संगीतनाट्यात काळाचे मोजमाप संगीत ठरवते, म्हणून अवकाशाची रचनाही संगीतातूनच निघाली पाहिजे. सपाट कापडावर रंगवलेली खोली आणि तिच्यापुढे वावरणारा घन देहाचा नट यांत मुळातच विसंगती आहे, हा त्यांचा आक्षेप होता. त्यांच्याप्रमाणे रंगवलेला पडदा पूर्णपणे नाकारावा, असे मी म्हणणार नाही. परंतु ती विसंगती डोळ्यांसमोर ठेवून पडदा निवडला, तर निवड आपोआप साधी आणि नेमकी होते.

अशी यादी केली की बहुधा असे आढळेल की बंदर, बाजार आणि फलाट ही तीन स्थळे गर्दीची आणि बाहेरच्या जगाची आहेत. घर आणि वर्ग ही बंदिस्त आहेत. गच्ची आणि जंगल ही पात्राने मोकळे होण्याची ठिकाणे आहेत. म्हणजे पडद्यांची कुळे तीनच उरतात, आणि तेवढीच पुरेशी आहेत.

मंचामागे

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. मी पडद्यामागच्या कामाच्या बाजूने भर घालतो, कारण संगीतमय नाटक रखडते ते बहुतेक वेळा प्रवेशबदलात.

जुन्या संगीत-सुखात्मिकांमध्ये यावर एक उत्तम तोड होती. पूर्ण खोली वापरणारा मोठा प्रवेश आणि अगदी पुढच्या पडद्यापुढे, म्हणजे पहिल्या विंगेच्या रेषेत, खेळला जाणारा छोटा प्रवेश आळीपाळीने येत असत. पुढे दोन पात्रे गाणे म्हणत असताना मागे सामान हलवले जाई आणि पडदा उघडताच नवे स्थळ तयार असे. आपल्याकडे उंची कमी आहे, म्हणून ही पद्धत आपल्याला विशेष उपयोगी पडेल. अकरा प्रवेशांपैकी दोन-तीन पात्रांचे, नृत्य नसलेले प्रवेश निवडा आणि ते पुढच्या बारवरच्या पडद्यापुढे बसतात का, ते तालमीतच पाहा. जमिनीवर पट्टी मारून दोन मीटर खोलीची जागा आखली की लगेच कळते.

पाच बार आहेत म्हणून पाच चित्रे टांगता येतील, असे मात्र समजू नये. त्यांपैकी किमान दोन बार झालरींसाठी आणि दिव्यांसाठी लागतील. शिवाय प्रत्येक पडदा मागची खोली खातो. ८ मीटर खोलीच्या रंगमंचावर शेवटचा पडदा साडेसहा मीटरवर आला, तर त्यामागून नटांना एका बाजूने दुसऱ्या बाजूस जायला वाट राहते. ती वाट ठेवली नाही, तर समूहनृत्याच्या वेळी मंडळी एकाच विंगेत अडकून पडतात, किंवा मागून जाताना पडद्याला खांदे लागून बंदराचे आभाळ हलू लागते.

उंचीच्या अडचणीवर दोन उपाय आहेत. पडद्याच्या मागील बाजूस खालच्या भागात दुसरी आडवी नळी बांधून तो दुमडत वर घेता येतो, किंवा खालच्या कडेला हलकी पण जाड व्यासाची नळी लावून गुंडाळीचा पडदा करता येतो. गुंडाळीचा पडदा आपल्याला अधिक सोपा जाईल. रंगाचा थर जाड असेल तर बारीक नळीवर गुंडाळताना तो तडकतो, म्हणून व्यास मोठाच ठेवावा.

भव्यता

येथे थोडे वेगळे मत मांडतो. संगीतमय नाटकाला येणारा प्रेक्षक डोळ्यांचा आनंदही घ्यायला येतो. पडदा वर जातो, नवे दृश्य उजळते आणि प्रेक्षागृहात कौतुकाचा सुस्कारा उमटतो, हा अनुभव या नाट्यप्रकाराचा न्याय्य भाग आहे. सगळे सूचक आणि साधे करण्याच्या नादात तो हिरावून घेऊ नये. सात स्थळांना तीनच कुळे केली, तर दुसऱ्या अंकात प्रेक्षकाला तेच तेच पाहिल्यासारखे वाटणार नाही का?

रंगरेषा

भव्यता, आपला मुद्दा मला मान्य आहे, आणि म्हणूनच भव्यतेचे क्षण मोजके असावेत. संपूर्ण प्रयोगात डोळे दिपवणारी दोन दृश्ये असावीत : एक पहिल्या अंकाच्या पूर्वार्धात, ज्याने प्रेक्षक त्या जगात शिरतो, आणि एक दुसऱ्या अंकात, कथा जेथे वळण घेते तेथे. बाकीच्या जागांनी त्या दोन दृश्यांसाठी भूक शिल्लक ठेवायची असते. सात पडदे सारख्याच तोलाचे असतील, तर तिसऱ्यानंतर कौतुक ओसरते. एकच पडदा दोनदा वापरला म्हणून पुनरुक्ती होते, असेही नाही. पहिल्या अंकात सकाळच्या प्रकाशात दिसलेले बंदर शेवटी संध्याकाळी रिकामे दिसले, तर प्रेक्षकाला मधल्या काळात काय घडून गेले ते न सांगता जाणवते. नवा पडदा हे काम करू शकत नाही.

प्रकाशवाट

एक पडदा अनेक वेळा वापरायचा, तर तो प्रकाशाला साथ देणारा हवा, आणि हे निवडीच्या वेळीच पाहावे लागते.

रंगवलेल्या पडद्यावर रंगीत प्रकाश टाकला की चित्राचे रंग बदलतात. हिरव्या झाडीवर लाल प्रकाश पडला तर ती काळपट होते. केशरी संध्याकाळ निळ्या प्रकाशात मळकट दिसते. म्हणून ज्या पडद्यावर आधीच गडद सूर्यास्त रंगवला आहे, तो फक्त सूर्यास्तासाठीच उपयोगी पडतो. फिकट, करडेपणाकडे झुकणाऱ्या रंगांतील आभाळ असेल, तर पहाट, दुपार, संध्याकाळ आणि चांदणे या चारही वेळा दिव्यांनी उभ्या करता येतात.

दुसरी गोष्ट जाळीच्या पडद्याची. विशिष्ट विणीच्या जाळीवर चित्र रंगवले आणि तिच्यावर वरून, जवळून, तिरका प्रकाश टाकला, आणि मागे पूर्ण अंधार ठेवला, तर ती भिंतीसारखी भरीव दिसते. पुढचा प्रकाश हळूहळू मंद करून मागचा भाग उजळला की चित्र विरघळते आणि मागचे दृश्य प्रकट होते. पुढून समोरासमोर टाकलेला प्रकाश मात्र जाळीतून आरपार जातो आणि गुपित फोडतो. आपल्या नाटकात घर आणि गच्ची, किंवा वर्ग आणि जंगल, अशी जोडी गाण्याच्या मध्यावर बदलायची असेल, तर एक रंगवलेली जाळी एका मोठ्या यंत्रणेचे काम करील. माझ्या मते भव्यता यांना अपेक्षित असलेला सुस्कारा येथेच मिळेल.

तिसरा मुद्दा अंतराचा. सर्वांत मागे पांढरा सायक्लोरामा, म्हणजे आभाळ दाखवण्यासाठीचा मोठा कोरा पडदा, ठेवणार असाल, तर त्याचे दिवे आणि कापड यांत किमान दीड मीटर अंतर लागते. अंतर कमी पडले की प्रकाश सारखा पसरत नाही आणि आभाळावर पट्टे दिसतात. नटांनाही पडद्यापासून दोन मीटर पुढे ठेवा, म्हणजे त्यांच्या सावल्या क्षितिजावर पडणार नाहीत.

नवा_सूत्रधार

सर्वांचे मनापासून आभार. गाण्यांची यादी आम्ही कालच्या बैठकीत केली आणि रंगरेषा यांनी सांगितलेली तीन कुळे जवळजवळ तशीच निघाली. फलाट मात्र गर्दीच्या आणि मोकळे होण्याच्या अशा दोन्ही कुळांत बसतो, कारण तेथील शेवटचे गाणे एकट्या नायकाचे आहे. आता संघातील तरुण सभासदांचा आग्रह असा आहे की रंगवलेले पडदे नकोतच, प्रोजेक्टर घ्यावा, म्हणजे सातही स्थळे आणि हवी तेवढी हालचाल दाखवता येईल. यावर काय विचार करावा?

प्रकाशवाट

प्रोजेक्टरला माझा विरोध नाही, परंतु आधी हिशेब मांडावा. ९ मीटर रुंद आणि ५ मीटर उंच चित्र म्हणजे ४५ चौरस मीटर क्षेत्र. १२,००० ल्यूमेनचा प्रोजेक्टर घेतला, तरी पडद्यावर सरासरी २६७ लक्स (म्हणजे दर चौरस मीटरला तेवढे ल्यूमेन) एवढाच प्रकाश पडतो. नटांच्या चेहऱ्यांसाठी आपण साधारणपणे याहून बराच अधिक प्रकाश वापरतो आणि त्यातला काही जमिनीवरून उसळून पडद्यावर जातोच. तो ५० लक्स धरला, तर चित्रातील सर्वांत काळा भाग ५० वर आणि सर्वांत उजळ भाग ३१७ वर येतो. म्हणजे जेमतेम सहापट फरक उरतो आणि रात्रीचे जंगल राखाडी दिसते. नृत्याच्या गाण्यांत दिवे वाढवले की चित्र आणखी फिकट होते, आणि नेमक्या त्याच वेळी ते ठसठशीत हवे असते.

अंतराचेही तसेच आहे. भिंगाचे प्रक्षेपण-गुणोत्तर (प्रोजेक्टरचे अंतर भागिले चित्राची रुंदी) १.२ असेल, तर ९ मीटर रुंदीसाठी प्रोजेक्टर १०.८ मीटर दूर लागतो. मागून प्रक्षेपण करायला आपल्याकडे तेवढी खोली नाही. पुढून केले तर नटांच्या सावल्या पडतात. अगदी जवळून फेकणारी भिंगे मिळतात, पण मग बसवणूक मिलिमीटरपर्यंत काटेकोर करावी लागते.

प्रोजेक्टरऐवजी एलईडी भिंत, म्हणजे प्रकाशाच्या बारीक ठिपक्यांनी चित्र दाखवणारा फलक, घ्यायची म्हटली तर तिचा प्रश्न याच्या उलट आहे. ती इतकी उजळ असते की प्रकाश बराच उतरवून घ्यावा लागतो. शिवाय नेहमीच्या मांडणीत तिचा पांढरा रंग निळसर असतो, तर टंगस्टन दिव्यांचा सुमारे ३२०० केल्व्हिनचा पिवळसर असतो. दोन्ही जुळवून घेतले नाहीत, तर भिंतीपुढचे चेहरे आजारी दिसतात. ठिपक्यांमधील अंतर जितके मिलिमीटर, साधारण तितके मीटर पहिली रांग दूर असावी, हा स्थूल नियमही लक्षात ठेवावा.

रंगरेषा

हालणाऱ्या चित्राविषयी एक वाक्य जोडते. मागे लाटा सतत उसळत असतील, तर प्रेक्षकाची नजर गाणाऱ्या चेहऱ्यावर ठरत नाही, कारण मानवी डोळा हालचालीकडे आधी वळतो. प्रोजेक्टर घेतलाच, तर गाण्याच्या मुखड्यापूर्वी हालचाल थांबवावी किंवा ती ढगांइतकी संथ असावी.

कुंचला

मी पडदे रंगवण्याचे काम करतो, म्हणून चित्र पाहताना काय पाहावे ते सांगतो.

सर्वप्रथम क्षितिजरेषा. चित्रातील क्षितिज उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, म्हणजे रंगमंचापासून सुमारे दीड मीटरवर असेल, तर नट त्या जगात उभा आहे असे वाटते. क्षितिज तीन मीटरवर असलेला पडदा छायाचित्रात फार देखणा दिसतो, कारण त्यात दूरवरचे गाव, नदी, शेते सगळे वरून दिसते. पण त्यापुढे नट उभा राहिला की तो खोल दरीत उभा असल्यासारखा भासतो. भाड्याच्या पडद्यांत हा दोष पुष्कळदा आढळतो.

यथार्थदर्शनाचे तसेच आहे. रस्ता आत आत निमुळता होत जाणारे बाजाराचे चित्र फक्त मध्यभागी बसलेल्या प्रेक्षकाला नीट दिसते, आणि नट पडद्याजवळ गेला की दूरची घरे त्याच्या गुडघ्याएवढी ठरतात. इटालियन वास्तुकार सेबास्तियानो सेर्लियो यांनी १५४५ साली रंगमंचाचा आराखडा छापला, तेव्हा नटांसाठी पुढे सपाट जागा ठेवली आणि रंगवलेली, लहान होत जाणारी घरे मागच्या चढत्या भागावर मांडली. नट त्या घरांमध्ये शिरला की भ्रम मोडतो, हा नियम पावणेपाचशे वर्षांनीही बदललेला नाही. आपल्या बाजारासाठी समोरून सपाट दिसणाऱ्या दुकानांच्या रांगेचे चित्र घ्या. त्यापुढे नाचणारे वीस जण कोठेही गेले तरी प्रमाण बिघडत नाही.

यानंतर छटा पाहाव्यात. पडद्याचे छायाचित्र कृष्णधवल करून पोस्टाच्या तिकिटाएवढे लहान करा. त्यात सर्वांत काळा आणि सर्वांत पांढरा भाग शेजारी शेजारी आलेला दिसला, तर तो पडदा नटाशी स्पर्धा करणार. दूरच्या वस्तू हवेमुळे फिकट, निळसर आणि कमी ठळक दिसतात. चांगला चित्रकार संपूर्ण पडदाच त्या पट्ट्यात ठेवतो, आणि तीव्र काळे-पांढरे वेशभूषेसाठी राखतो. म्हणून वेशभूषाकाराकडून कापडांचे तुकडे मागवून ते पडद्याच्या छायाचित्रावर ठेवून पाहावेत. जंगलाच्या हिरव्यापुढे हिरवी साडी नेसलेली नायिका चौथ्या रांगेपासून मागच्या प्रेक्षकांना दिसेनाशी होते.

स्वरलेखा

संगीत दिग्दर्शनाच्या बाजूने दोन गोष्टी. जाड मखमली पडदे आवाज शोषून घेतात, तर ताणलेले, रंगाचा थर असलेले कापड त्याहून कमी शोषते. चारही बाजूंनी मखमल असेल, तर ध्वनिवर्धकाशिवाय गाणाऱ्यास स्वतःचाच आवाज परत येत नाही आणि तो विनाकारण जोर लावू लागतो. एकट्या गायकाची गाणी कोणत्या पडद्यापुढे आहेत, ते मला निवड पक्की होण्याआधी समजले पाहिजे.

दुसरे असे की पडदाबदलाला संगीत लागते आणि ते लिहावे लागते. गुंडाळीचा पडदा उतरायला किती सेकंद लागतात, ते मोजून कळवले तर मी तेवढ्याच मात्रांचा वाद्यखंड देऊ शकते, आणि तो पुढच्या गाण्याच्या स्वरात नेऊन सोडू शकते. हे रंगीत तालमीत ठरवायला घेतले की वादक तोच खंड वारंवार वाजवत बसतात आणि प्रवेशाची लय मोडते. जाळी उजळण्याचा क्षणही मला स्वरलेखनात हवा. दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी की नंतर, यावर साऱ्या गाण्याचा अर्थ बदलतो.

मंचामागे

आगीचा विषय अजून कोणी काढला नाही, म्हणून काढतो, आणि तो निवडीचाच भाग आहे. ३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरोक्वॉय नाट्यगृहात एका संगीतमय नाटकाच्या दुपारच्या प्रयोगात आर्क दिव्याच्या ठिणगीने एक पडदा पेटला. आग वर टांगलेल्या रंगवलेल्या कापडांपर्यंत पोहोचली, अग्निरोधक पडदा खाली येताना मध्येच अडकला, आणि ६०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत स्त्रिया आणि मुले फार होती.

म्हणून पडदा कितीही सुंदर असला, तरी अग्निरोधकतेचे प्रमाणपत्र नसेल तर तो यादीतून काढावा. धाग्यातच अग्निरोधक गुण असलेले कृत्रिम कापड आणि वरून रसायनाची प्रक्रिया केलेले सुती कापड, हे दोन प्रकार आहेत. सुती कापडावरील प्रक्रिया पाण्याने धुतल्यास निघून जाते, म्हणून धुतलेल्या पडद्यावर ती पुन्हा करून घ्यावी लागते.

नवा_सूत्रधार

या चर्चेनंतर आम्ही पुढील आराखडा केला आहे. सर्वांत मागे पांढरा सायक्लोरामा, जो गच्ची आणि मोकळ्या आभाळासाठी वापरू. त्याच्या पुढे बंदराचा पडदा, कमी क्षितिजाचा आणि फिकट. तोच पहिल्या आणि शेवटच्या प्रवेशात येईल. मध्यावर जंगल रंगवलेली जाळी. पुढच्या बारवर सपाट दुकानांचा गुंडाळीचा पडदा, ज्यापुढे बाजारातील दोन छोटे प्रवेश होतील. घर आणि वर्ग यांसाठी काळ्या पडद्यापुढे एकेक खिडकी, आणि फलाटासाठी फक्त घड्याळ व एक बाक. प्रोजेक्टर तूर्त नाही. बंदराचा आणि बाजाराचा पडदा भाड्याने घ्यायचा आहे, जाळी रंगवून घ्यायची आहे. पडदे ताब्यात घेताना काय तपासावे?

कुंचला

आराखडा आवडला. फक्त वर्गाची आणि घराची खिडकी एकाच आकाराची ठेवू नका, कारण दोन्हींची उभारणी सारखीच आहे.

ताब्यात घेताना पडदा पूर्ण उलगडून, शक्य असल्यास टांगून पाहावा. चौकट १० मीटरची असली तरी पडदा दोन्ही बाजूंना विंगांच्या आड जाईल इतका रुंद हवा. पहिल्या रांगेतील अगदी कडेच्या खुर्चीवर बसून ते ठरवावे. वरच्या कडेला बांधायचे बंद शाबूत आहेत का आणि खालच्या कडेला नळी घालायचा खिसा आहे का, तेही पाहावे. मागून दिवा लावून छिद्रे आणि शिवणी तपासाव्यात. बंदराच्या पडद्यावर मागून प्रकाश टाकून सूर्योदय करायचा असेल, तर आभाळाचा भाग पातळ रंगद्रव्याने रंगवलेला हवा, कारण जाड अपारदर्शक रंगातून प्रकाश येत नाही.

घड्या पडलेल्या असतील, तर पडदा टांगून, खालच्या खिशात वजनदार नळी घालून तसाच ठेवावा. उरलेल्या घड्यांवर मागील बाजूने वाफ द्यावी. पाणी शिंपडू नये, कारण रंग ओघळतो. जाळीच्या बाबतीत मात्र खालची नळी पहिल्या तालमीपासूनच बसवलेली असावी, कारण ताण नसलेली जाळी पंख्याच्या वाऱ्यानेही लाटांसारखी हलते आणि मागचे दृश्य वेळेआधी दिसते.

स्वरलेखा

बाजाराचा पडदा हाती आला की उतरण्याचे आणि चढण्याचे सेकंद वेगवेगळे मोजून कळवावेत. चढताना बहुधा जास्त लागतात, आणि माझ्याकडे त्या दोन जागांसाठी दोन निरनिराळे वाद्यखंड आहेत.